अर्ध्या तासाचा मावसभाऊ

“अहो, जरा शिडी धरता का?”

वर पाहिलं, तर दवाखान्याच्या पंख्याशेजारी दोन पाय लोंबत होते. पाय बरे होते, म्हणून धरली.

“सोडली तर?”

“पडेन. दवाखान्यातच आहे, सोय आहे.”

वायरमन खाली उतरला. चाळिशीचा, मिशीत जळमट. काढावंसं वाटलं... पण ओळख आत्ताच झाली होती.

मी रक्त द्यायला आले होते. आई स्तनाच्या कॅन्सरनं गेली, मावशी अंडाशयाच्या. त्यांच्या जीनमधला दोष माझ्यातही उतरलाय का, ते बघायचं होतं. घरात आता मी एकटीच. शोभेच्या माशांचं दुकान आहे. दिवसभर बडबडते, समोरचे नुसते तोंड उघडतात.

दवाखान्यात बोलता बोलता मी दुकानाचा पत्ता सांगून बसले होते. दोन दिवसांनी वायरमन दुकानात हजर! माशांचं खाणं घेऊन गेला. पुन्हा आला. पुन्हा खाणं.

“मासे किती आहेत हो तुमच्याकडे?”

“एकही नाही.”

“मग खातं कोण?”

“विचारू नका... चव फार वाईट आहे.”

पोट धरून हसले. तो गेल्यावर शटर अर्धं ओढून रडले. काय सांगणार होते त्याला?

रिपोर्टच्या दिवशी जवळचं माणूस सोबत आणा, असा दवाखान्याचा नियम. जवळचं माणूस! शेवटी वायरमनलाच फोन केला.

“अर्धा तास माझे मावसभाऊ व्हाल? फक्त गप्प बसायचं.”

“जमेल,” म्हणाला. कारण विचारलं नाही.

समुपदेशक बाईंनी आमच्या घराण्याचा नकाशा टेबलावर पसरला. बायका गोल, पुरुष चौकोन, कॅन्सर झालेले काळे, नवरा-बायकोच्या मधे आडवी रेघ.

“हे कोण?”

“मावसभाऊ.”

बाई चमकल्या. “मावशींना मूलबाळ नव्हतं म्हणालात ना?” मावशीच्या काळ्या गोलाखाली त्यांनी चौकोन काढलासुद्धा. “हा दोष पुरुषांतही उतरतो. यांचंही रक्त घेऊ. बाही वर करा.”

आणि ह्या पठ्ठ्यानं बाही वर केली! गप्प बसायचं कबूल केलं होतं ना. चेहरा मात्र पांढराफटक.

“थांबा!” मी ओरडले. “हे माझे कुणी नाहीत. मला कुणीच नाही... म्हणून आणलं.”

बाईंनी चौकोन खोडला. “मग यांनी बाहेर थांबायचं?”

मी मान हलवली... नको.

“दोष तुमच्यात आहे,” बाई हळू म्हणाल्या. “कॅन्सर झालाय असं नाही. पण धोका बराच जास्त आहे. नेमानं तपासण्या करायच्या. ऑपरेशनचं सावकाश ठरवू.”

नकाशावर सगळ्यात खाली माझा एकटा गोल. वायरमन उठून गेला असता, तरी मी रागावले नसते.

“बाई,” वायरमन खाकरला, “तो चौकोन परत काढा.”

“कुठे?”

“मावशीखाली नको. इथं... यांच्या शेजारी. म्हणजे, ह्या हो म्हणाल्या तर.”

बाईंनी पेन माझ्या हातात दिलं. मी काढलेला चौकोन पार वाकडा आला.

“सरळ काढा की!”

“आहात तसेच काढले,” मी म्हटलं, आणि दोघांच्या मधली रेघ ओढली.