भोंग्याचा डावा पाय

आपल्या दुकानात माल आणणाऱ्या टेम्पोवाल्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण त्याचं तोंड कधी बंद नसतं. पण ही हकिकत त्याने मला एकदाच सांगितली, आणि तीही आवाज खाली करून. तुम्ही ऐका, पण तो समोर आला की विषय काढू नका.

गेल्या वर्षी त्याचा डावा पाय बधिर झाला. क्लच दाबला गेलाय की नाही, ते वाकून बघावं लागायचं. त्याआधी महिनाभर एका डोळ्याने धूसर दिसून गेलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मल्टिपल स्क्लेरोसिसची शंका आहे. वायरवरचं प्लास्टिक झिजावं तसं नसांवरचं आवरण झिजतं. एमआरआय काढू. मेंदूत, मणक्यात डाग दिसतात का बघू."

"आणि गाडी?"

"आधी फोटो येऊ द्या."

दिवसा रांग असते. याचा नंबर लागला नऊ डिसेंबरला, मंगळवारी, रात्री अकरा वीसला. सोबत थोरली बहीण होती.

"चाळीस मिनिटं गप्प पडायचंय," ताई म्हणाली. "शेजाऱ्यांना बोलावू का बघायला? परत असा योग यायचा नाही."

"चेष्टा नको गं. तू तेवढा पाय धरून बस."

टेक्निशियन म्हणाला, पायाशी एकाला बसता येतं. त्याने भोंग्याला फळीवर आडवं केलं. कानांवर हेडफोन, डोक्यावर पिंजरा, हातात मदतीला बोलवायला दाबायचा रबरी फुगा. "हललात तर फोटो बिघडतील. मग सगळं पुन्हा करावं लागेल."

फळी आत सरकली. नाकापासून चार बोटांवर छत. दोन्ही कोपर भिंतींना टेकलेले. यंत्र ठोकायला लागलं. भोंग्याने डोळे मिटले. श्वास अपुरा पडायला लागला, ओरडावं असं अगदी ओठांवर आलं... तेवढ्यात कोणीतरी त्याचा घोटा हळूच धरला.

जीव भांड्यात पडला. ताई आली.

मग त्याच्या लक्षात आलं. घोटा डावा होता. सहा महिने त्या पायाला चटका कळला नव्हता. आज पाचही बोटं वेगवेगळी कळत होती. पाय परत येतोय... म्हणजे गाडीही. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. पुसायला हात हलवता येईना.

ठोके थांबले. कानात टेक्निशियनचा आवाज आला. "ठीक आहात ना? तुमच्या ताई काचेपलीकडून विचारतायत. त्यांच्या छातीत पेसमेकर निघाला, इथल्या चुंबकाजवळ तो चालत नाही, म्हणून आत सोडलं नाही."

भोंग्याने डोळे आणखी घट्ट मिटले.

"ऐकू येतंय ना?"

"पायाशी... कोण बसलंय?"

"कोणी नाही. आत तुम्ही एकटेच."

पकड घट्ट झाली.

"पुढचा फोटो बारा मिनिटांचा. बिलकूल हलू नका."

फुगा मुठीत होता. दाबला की सुटका. पण मग सगळं पुन्हा... हीच फळी, हेच छत. आणि हे. पाय झटकला तरी तेच. फोटो नाही तर निदान नाही, औषध नाही.

त्याने फुगा दाबला नाही.

पिंजऱ्यात पायाकडचं दिसायला छोटा आरसा असतो. त्याने डोळे उघडले. पांढरी चादर. पलीकडे रिकामी खुर्ची. कोणी नाही. फक्त डाव्या घोट्यावर चादर... दबलेली.

डोळे मिटले.

ठक. ठक. ठक.

बारा मिनिटं.

बाहेर आल्यावर ताईने विचारलं, "घाबरलास का रे?" त्याने नुसती मान हलवली. घर येईपर्यंत एक शब्द नाही. तेव्हा ताई घाबरली.

फोटो स्वच्छ आले. डाग होते, रोग तोच निघाला. औषध सुरू करू, गाडी सध्या बंद, असं सांगून डॉक्टरबाईंनी टाचणीने पाय तपासायला घेतला.

"इथे कळतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

घोट्याशी तो दचकला. "हं."

जिथे कळेल तिथे त्या पेनाने ठिपका काढत गेल्या. बाहेरच्या बाजूला चार. आतल्या बाजूला एक. बाकी सगळा पाय लाकूड.

त्या ठिपक्यांवर झुकल्या. मग त्यांनी आपला पंजा घोट्यावर ठेवला. अंगठा आतल्या ठिपक्यावर बसवला. बोटं ताणली...

त्यांची करंगळी शेवटच्या ठिपक्यापासून तीन बोटं अलीकडेच राहिली.