रिकाम्या खोलीला मारलेली हाक

हे मी ऐकीव सांगत नाहीये. ज्या दारात हे घडलं, त्या दाराबाहेर चादरींची ट्रॉली धरून मीच उभी होते. विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या.

मकावमधलं एक मोठं हॉटेल, खाली जुगाराचं दालन असलेलं. नाव सांगत नाही, नोकरी आहे माझी तिथे. चिनी पंचांगातला सातवा महिना होता, म्हणजे आमच्याकडे मेलेल्यांचा महिना. आणि रात्र वगैरे काही नव्हती… भर दुपार होती.

सिउ-लिन आणि मी एकाच मजल्यावर खोल्या आवरतो. बाई कामाला वाघ, पण स्वभाव संशयी. तिचा नवरा मान-फाय शेवयांच्या दुकानात आचारी. एके काळी तो सुट्टी मिळाली की थेट पत्त्यांच्या टेबलावर जायचा. गेल्या वर्षी आईच्या तसबिरीपुढे शपथ घेतली आणि त्या नादातून सुटला. तरी लिनच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

"त्याच्या शर्टाला आपल्या हॉटेलचा वास येतो," ती म्हणाली.

"अगं, तो तुझाच वास. दिवसभर इथेच तर लोळतेस."

"हस तू. पुन्हा खेळायला लागला ना, तर संसार संपला माझा. या वेळी मला नाही सोसवणार."

ती हे बोलत होती आणि आम्ही कोपऱ्यातल्या खोलीपाशी पोचलो. खोली सकाळीच रिकामी झालेली.

रिकाम्या खोलीत शिरायची आमची एक रीत आहे. आधी दार वाजवायचं. "येतेय हं," म्हणायचं. दार उघडून जरा बाजूला उभं राहायचं, आत कुणी असेल तर त्याला निघून जायला वाट द्यायची. आणि आत कुणाचं नाव घ्यायचं नाही, कुणाला सोबत बोलवायचं तर मुळीच नाही. नवीन मुली हसतात. महिनाभराने हसायच्या थांबतात.

लिन दार वाजवणार, तेवढ्यात…

फू…

आतून फुंकर आली. मग पत्ता टेबलावर आपटल्याचा आवाज.

फू… फू…

पत्त्यावरची नको असलेली चिन्हं उडून जावीत म्हणून आमचे जुगारी त्यावर फुंकर मारतात. हा आवाज आम्हाला झोपेतही ओळखू येतो.

मग कुणीतरी खोकलं. दोनदा, घसा खरवडून.

लिनचा चेहरा उतरला. "हा माझा नवरा आहे."

"वेडी आहेस का? खोली रिकामी आहे."

"हा खोकला मी रोज उशाशी ऐकते. तू मला सांगू नकोस."

मी तिचा हात धरला. तिने झटकला. दार वाजवलं नाही, बाजूला झाली नाही. चावी लावून सरळ आत घुसली.

"मान-फाय, पुरे झालं तुझं. चल घरी. आत्ताच्या आत्ता चल माझ्याबरोबर."

आत कुणीच नव्हतं.

पडदे ओढलेले. टेबल मोकळं. पलंग नीट घातलेला, रात्री कुणी झोपलंच नसावं तसा. फक्त पलंगाच्या कडेला गादी दबलेली होती…

आमच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली.

कुणीतरी उठलं होतं.

लिन दारातच उभी होती. तिच्या अंगावरून थंडगार काहीतरी गेलं असतं तर बरं झालं असतं. काहीच गेलं नाही. ते तिच्यापाशीच थांबलं, असं ती नंतर म्हणाली.

संध्याकाळी बस खच्चून भरली होती. माणसं दांड्यांना लटकत होती. लिनच्या शेजारची जागा मात्र रिकामी… एक म्हातारी बसायला वाकली, दचकून सरळ झाली आणि "माफ करा" म्हणून मागे सरकली.

पुढचं लिननेच मला सांगितलं. घरी मान-फाय पांघरूण घेऊन बसलेला. सकाळपासून ताप. शेजारीण दुपारभर त्याच्यापाशी होती, तिनेच भाताची पेज पाजली होती. लिनला हायसं वाटलं. त्याच्या गळ्यात पडून ती रडली.

"मी तुझ्यावर संशय घेतला रे. चुकलं माझं."

"बरं बरं, रडू नकोस." तो तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होता. "त्यांना आत तरी घे. किती वेळ उभं ठेवणार?"

दारात कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून जेवताना तो आपलं स्टूल जरा सरकवून घ्यायला लागला. मग घरी उशिरा येऊ लागला. मग जेवायलाच येईना.

शेवटी एकदा लिन भांडली, तेव्हा तो म्हणाला, "तू घरी आणलास तो माझ्याकडे बघत बसतो गं. माझ्यासारखाच खोकतो. मला घास उतरत नाही. टेबलावर निदान माणसं तरी असतात."

टेबलावर. म्हणजे पुन्हा तेच सुरू झालं होतं. ज्याच्या भीतीने ती त्या खोलीत शिरली, ते तिनेच ओढवून घेतलं.

आता तो आमच्याच हॉटेलात खेळतो. काम संपलं की लिन जुगाराच्या दालनाच्या दाराशी जाऊन उभी राहते. तो पाठमोरा बसलेला दिसतो, दहा वाकलेल्या पाठींमध्ये. एक हाक मारली तर ऐकू जाईल, इतका जवळ.

ती मारत नाही. हाकेला मान-फायच उठेल, याची तिला आता खात्री नाही.