जादा नळी

घाबरट माणसाला डायव्हिंग शिकवायचं तर आमच्या किनाऱ्यासारखी जागा नाही. बोटीची भानगड नाही, खडक नाहीत, पावसाळा सोडला तर पाण्याला ओढ नाही. हवेची टाकी पाठीला बांधायची, चालत चालत पाण्यात शिरायचं आणि खाली वाळूवर गुडघे टेकून बसायचं. आम्ही त्या जागेला पाळणाघर म्हणतो. मी तिथे इतक्या लोकांना नेलंय की भीती वगैरे माझ्या डोक्यातसुद्धा नसे.

त्या सकाळी एकच बाई शिकायला आली होती. साठी उलटलेली, रुग्णालयातून निवृत्त झालेली नर्स. सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिचे पट्टे आवळताना मी थट्टा केली, "सिस्टर, या वयात लोक गुडघ्यांना तेल चोळत घरी बसतात."

"तेही करते की," ती म्हणाली. मग पट्टा सारखा करत, "माझा मुलगा इथेच गेला गं. पोहायला उतरला, तो हाती लागलाच नाही. एकदा तळ बघायचाय. बाकी काही नाही."

मला गलबलून आलं. नाही म्हणायला जीभ रेटेना.

खाली पहिला धडा ठरलेला असतो. प्रत्येक टाकीला दोन नळ्या. एक आपल्या तोंडात, दुसरी जादा. सोबत्याने गळ्यावरून आडवा हात फिरवला की समजायचं, त्याची हवा संपली; जादा नळी त्याला द्यायची. मी हात फिरवला. सिस्टरने नळी अशी झटकन पुढे केली, जणू जन्मभर हेच केलंय. केलंच होतं म्हणा.

नळी परत दिली आणि वरून एक मोठी लाट गेली असावी. तळाची वाळू उठली, सगळं गढूळ झालं. मी सिस्टरचा दंड धरून बसले. पाण्याखाली श्वासाचा आवाज फार मोठा येतो. माझा येत होता, तिचा येत होता... आणि मधूनच आणखी एक. भराभर, धापा टाकल्यासारखा.

वाळू खाली बसली. सिस्टरने जादा नळी समोर धरली होती. समोर कोणीच नव्हतं. पण नळीतून बुडबुडे निघत होते. नळी बिघडली की बुडबुडे एकसारखे येतात. हे येत, थांबत, पुन्हा येत.

तिच्या हवेचा काटा लाल खुणेवर आला होता. मी वर चलण्याची खूण केली. तिने मान हलवली, नाही. मी ती नळी ओढली, तर पलीकडून कोणीतरी घट्ट धरून ठेवली. अजून थोडा वेळ गेला असता तर बाई तिथेच संपली असती. मला काय सुचलं कोण जाणे, मी माझी जादा नळी काढून त्या रिकाम्या पाण्यात धरली. पलीकडची पकड सुटली. माझी नळी हलकेच माझ्या हातातून घेतली गेली.

मी सिस्टरला कवेत घेतलं आणि वर निघाले. नळी ताणली गेली, थोडं अंतर कोणीतरी सोबत आलं. मग ती सैल पडली. त्या क्षणी मला भीतीपेक्षा वाईटच जास्त वाटलं.

किनाऱ्यावर सिस्टर वाळूत बसून राहिली. मी विचारलं, "भेटला ना तुम्हाला?"

"नाही गं. तो माझा नव्हता. दुसऱ्याच कुणाचं तरी लेकरू. सहा-सात वर्षांचं असेल."

"मग जीव जायची वेळ आली तरी नळी का सोडली नाहीत तुम्ही?"

"श्वास मागत होतं. नाही कसं म्हणू?"

मी माझ्या जादा नळीकडे पाहिलं. तोंडात धरायचं रबर कोरं करकरीत होतं, कालच बसवलेलं. त्यावर बारीक दात उमटले होते. पुढच्या दोन दातांची जागा मोकळी होती.

मी धीर करून म्हटलं, "चला सिस्टर, घरी सोडते. आता पुन्हा इकडे यायचं नाही."

ती पाण्याकडे बघत होती, ड्यूटी सुरू व्हायच्या आधी वॉर्डवर नजर टाकावी तशी.

"उद्या मोठी टाकी देशील का?" तिने हळूच विचारलं. "त्या लेकराच्या मागे बरेच जण उभे होते. रांगेत, शहाण्यासारखे... माझा अजून मागे असेल."