करंगळीभर जागा

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती तर शेवट तरी बरा केला असता.

हे माझ्या सख्ख्या मामाबाबत घडलं. मामा घड्याळं दुरुस्त करतो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. भुताखेताचा विषय निघाला की हसून खिडकीबाहेर बघणारा माणूस.

आणि भुताची गोष्ट म्हटली की तुम्हाला काळीकुट्ट रात्र लागते, माहीत आहे मला. इथे ती मिळणार नाही. हे घडलं उन्हाळ्यातल्या भर दुपारी, जिन्याखालच्या त्याच्या दुकानात, रस्त्यावर माणसांची ये-जा चालू असताना.

म्हणूनच मला याची जास्त भीती वाटते.

दुकान केवढं? मामा आत बसला की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं, एवढं. पुढे काचेचं काउंटर, त्यावर वाकलेला टेबललॅम्प, मागच्या भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं. प्रत्येकाची टिकटिक वेगळी. मामाला ती ऐकूच येत नाही. इतक्या वर्षांत कान सरावलेत.

समोरच्या इमारतीत एक बसड्रायव्हर राहायचे. लांब पल्ल्याच्या गाड्या चालवायचे. त्यांचं मनगट असं, की कुठल्याही घड्याळाची चेन पुरायची नाही. मामा जास्तीच्या कड्या जोडून द्यायचा.

"ड्रायव्हरसाहेब, हे मनगट आहे की मांडी?"

"तुमच्या काड्यांनी बस वळवून दाखवा मामा, मग बोला."

सगळी गल्लीच त्याला मामा म्हणते. आणि तो ड्रायव्हरसाहेबांच्या बायकोला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही इथे वहिनीच म्हणतो.

मग ड्रायव्हरसाहेब आजारी पडले.

आजाराचं नाव घेऊन काय करायचंय? माणूस बघता बघता वाळत गेला. महिन्यातून एकदा मामा एक कडी काढायचा. नंतर पंधरा दिवसांनी काढायला लागला. घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं, पण हातातून काढायचं नाव नाही.

शेवटी मामाच म्हणाला, "सरकतं लॉक बसवून देतो. घरच्या घरी वहिनी आवळत जातील. तुम्हाला जिने उतरायला नकोत."

जुनं लॉक पिना दाबून काढलं. त्या जागी नवं बसवलं. त्याच्या आतल्या बाजूला छोटं बटण असतं. ते दाबलं की चेन एकेक खाच आत जाऊन आवळते, नाहीतर बाहेर येऊन सैल होते. टक्… टक्. बटण दाबल्याशिवाय कितीही ओढा, ढिम्म हलत नाही.

मामाने चेन सगळ्यात बाहेरच्या खाचेवर लावायला घेतली. पुढे ती आवळायचीच आहे, हे त्याला दिसत होतं.

ड्रायव्हरसाहेबांनाही ते दिसलं.

"मधल्या खाचेवर लावा, मामा. बरा झालो की मोकळी करायला जागा नको का?"

मामाने मान खाली घातली आणि मधल्या खाचेवर लावली.

मामाची एक पद्धत आहे. चेन बसवली की तिच्याखाली करंगळी घालून बघायची. करंगळी जेमतेम गेली पाहिजे, तेवढीच जागा हवी. आणि मग गिऱ्हाइकाला विचारायचं, "बसतंय ना नीट?"

"झकास," ड्रायव्हरसाहेब म्हणाले होते.

वहिनी आवळत गेल्या. एकेक खाच.

खाचा संपल्या. त्यानंतर आठवड्याभरात ते गेले.

मामाने दोन दिवस दुकान उघडलं नाही.

काही महिने गेले. उन्हाळा लागला. एका दुपारी वहिनी दुकानासमोर उभ्या. हातात रुमालात गुंडाळलेलं तेच घड्याळ.

"मामा, हे लॉक आपोआप सरकतंय."

"आत की बाहेर?"

"बाहेर."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मामाला ते जरा विचित्र वाटलं.

"स्प्रिंग गेली असेल," तो म्हणाला. "ठेवून जा. बघतो."

वहिनी गेल्या. मामाने लॉक भिंगाखाली धरलं. स्प्रिंग ठणठणीत. खाचा कोऱ्या. पक्कडीने ओढून बघितलं. हललं नाही. मग त्याने बटण दाबून चेन सगळ्यात आतल्या खाचेवर नेली, लॉक मिटलं आणि घड्याळ काउंटरवर ठेवून दुसरं काम हातात घेतलं.

थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं…

त्याला भिंतीवरच्या घड्याळांचा आवाज ऐकू येतोय. सगळ्यांचा. वेगवेगळा.

त्याने मान वर केली.

आणि आवाज थांबला.

घड्याळं बंद पडली नव्हती. काटे फिरत होते. लंबक हलत होते. फक्त आवाज तेवढा नव्हता. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याचाही आवाज आला नाही.

मामाने काउंटरकडे बघितलं. मिटलेली चेन तशीच पडली होती. तिच्या गोलातून काउंटरची काच दिसत होती, काचेखालचे पट्टे दिसत होते. आत काहीच नव्हतं. का कोण जाणे, त्याने सवयीने तिच्यात करंगळी घातली.

करंगळी आत जाईना.

पुन्हा घातली. कडेला टेकली आणि थांबली… कशावर तरी. दिसत काही नव्हतं. पण बोटाला लागत होतं. मऊ. कोमट.

आणि त्याच्या आत काहीतरी उडत होतं. हळू. एकसारखं. नाडी उडते तसं.

कुणीही उठून पळालं असतं. मामा पळाला नाही, कारण त्या क्षणी त्याच्या मनात भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. त्याला वाटलं, अरे, घट्ट होतंय यांना.

त्याने बटण दाबलं. चेन एक खाच मोकळी केली. टक्.

करंगळी गेली. जेमतेम. बरोबर तेवढीच.

"बसतंय ना नीट?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

कुणी काही बोललं नाही. पण भिंतीवरची घड्याळं पुन्हा वाजायला लागली. रस्त्यावरचा एक हॉर्न ऐकू आला.

संध्याकाळी वहिनी आल्या. मामाने त्यांना यातलं काहीच सांगितलं नाही. घड्याळ पुढे केलं. "स्प्रिंग ठीक आहे," एवढंच म्हणाला.

वहिनींनी खाच बघितली. आणि हसल्या. ते गेल्यापासून पहिल्यांदा.

"भरतायत ते, मामा," त्या हळूच म्हणाल्या. "अंगाने भरतायत. मी जशी आवळत आले ना, तसंच उलटं चाललंय. खायला मिळतंय वाटतं तिकडे. त्रास नाही आता."

मामाने मान हलवली.

त्या मग अधूनमधून येऊन सांगायच्या. आज एक खाच. काल एक. मधली खाच ओलांडली तेव्हा तर लगबगीने रस्ता ओलांडून आल्या, चप्पल दोन तऱ्हेची. शेवटची खाच झाली तेव्हा म्हणाल्या, "आता काढलेल्या कड्या परत लावा. जुनं मनगट आठवतंय ना तुम्हाला?"

आठवत होतं. मामाने एका डबीत कड्या जपून ठेवल्या होत्या. एकेक करून लावत गेला.

दर वेळी करंगळी घालून बघायचा. दर वेळी ती जेमतेम जायची. मामा सांगतो, भीती मोडली होती. ओळखीच्या गिऱ्हाइकाचं काम करतोय असंच वाटायचं.

मग एक दिवस वहिनींची मुलगी आली.

मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, नोकरी करते. वडिलांच्या आजारपणात तिने खूप केलं होतं. काउंटरला टेकून उभी राहिली आणि बोलता बोलता रडायला लागली.

"मामा, आईला वेड लागायची वेळ आलीय. दिवसभर त्या घड्याळासमोर बसते. फोन उचलत नाही. परवा दूध उतू गेलं, गॅस विझला, घरभर वास. शेजारच्यांनी दार ठोठावलं म्हणून वाचली. माझ्याकडे चल म्हटलं तर म्हणते, बाबांना इथे एकटं कसं टाकू? तुम्हीही तिला कड्या लावून देताय!"

तिने डोळे पुसले.

"ते सरकतं लॉक काढा. साधं बसवा. आणि चेन तिच्या हाताच्या मापाची करा. बाबांची आठवण म्हणून हातात घालू दे ना, सगळ्या बायका घालतात. पण हे खाचांचं खूळ बंद करा. तुमचं ती ऐकेल. सांगा, स्प्रिंगच खराब होती."

तिचं काय चुकलं? बाप गेला होता, आता आईही हातची चालली होती. मामाला तिच्या डोळ्याला डोळा देता येईना.

तो हो म्हणाला.

वहिनींना पटवायला वेळ लागला नाही. त्या थकल्या होत्या, आणि लेकीचा चेहरा बघून त्यांना लाजल्यासारखं झालं असावं. "करा काय करायचं ते," म्हणाल्या. मामाने कड्या काढल्या. लावल्या होत्या त्या काढल्या, त्याहून कितीतरी जास्त काढल्या. वहिनींचं मनगट ते केवढं! साधं लॉक बसवलं. एका मापाचं. ना आत, ना बाहेर.

आणि आयुष्यात पहिल्यांदा मामाने करंगळी घालून बघितली नाही.

काय लागेल, ते त्याला ठाऊक होतं. म्हणूनच बघितली नाही. घड्याळ तसंच रुमालात गुंडाळलं आणि देऊन टाकलं.

तीन-चार दिवस वहिनी दिसल्या नाहीत.

मग एका दुपारी आल्या. डावा हात उजव्या हाताने धरलेला. चेहरा पांढराफटक.

"मामा… घट्ट होतंय."

मामाने हात बघितला. चेन मनगटावर लोंबत होती. वहिनी आणखी वाळल्या होत्या.

"वहिनी, सैल आहे हो चांगलं."

"मला नाही घट्ट होत."

मामाने चेन उचलून खाली बघितलं.

घड्याळाखालच्या कातडीवर कड्यांचे वळ होते. लाल, खोल. लोंबणाऱ्या चेनचे वळ उठतील कसे?

त्याने करंगळी पुढे केली. वहिनींचं हाड आणि चेन यांच्यामध्ये चांगली दोन बोटं जागा दिसत होती…

करंगळीचं नखसुद्धा आत गेलं नाही.

आणि भिंतीवरची घड्याळं पुन्हा गप्प झाली होती.

"कालपासून ते हात ओढून घेतायत," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. "मला कळतंय ना, किती दुखत असेल. पण मामा, इतक्या महिन्यांनी त्यांचा हात माझ्या हाताला लागलाय. मी कसं काढू?"

"मी जुनं लॉक परत लावतो," मामा घाईने म्हणाला. "सगळ्या कड्या लावतो. आत्ता. बसल्या बसल्या."

"त्यासाठी आधी काढावं लागेल."

"हो."

"थांबतील ते तोवर?"

मामाला माहीत नव्हतं.

वहिनी आपल्या मनगटाकडे बघत राहिल्या. दुसऱ्या हाताने घड्याळाच्या वरची रिकामी हवा कुरवाळत राहिल्या. मामा म्हणतो, तेवढं त्याला बघवलं नाही. त्याने तोंड फिरवलं.

"दुखतंय त्यांना," त्या शेवटी म्हणाल्या. "काढा."

मामाने लॉक उघडलं.

वहिनींचा हात काउंटरवरून थोडा वर उचलला गेला. त्यांनी उचलला नव्हता. क्षणभर तसाच राहिला… कुणीतरी हातात धरल्यासारखा.

मग पडला.

टिकटिक सुरू झाली. सगळ्या घड्याळांची, एकदम.

मामाने किती भरभर काम केलं म्हणून सांगू! पिना हातातून निसटत होत्या. घामाने भिंग धूसर झालं. सगळ्या कड्या लावल्या, सरकतं लॉक बसवलं, सगळ्यात मोकळ्या खाचेवर नेऊन चेन मिटली आणि काउंटरवर ठेवली.

करंगळी घातली.

गेली. अख्खी गेली. तीन बोटं गेली, चार गेली. मूठ गेली असती.

वहिनींनीही बोट घालून बघितलं. मग वाकून त्या रिकाम्या चेनकडे बघत विचारलं, "बसतंय ना हो?"

भिंतीवरची घड्याळं वाजत राहिली.

पुढे वहिनी लेकीकडे राहायला गेल्या. प्रकृती सुधारली म्हणे. गॅस बंद करायचं लक्षात राहतं, फोन उचलतात. मुलगी मामाला भेटून आभार मानून गेली.

जायच्या दिवशी वहिनी दुकानाशी आल्या होत्या.

"तुमच्यावर राग नाही हो, मामा. पोरीवरही नाही. तुम्ही तिचं ऐकलंत, मला विचारलंत. त्यांना मात्र कुणी विचारलं नाही."

मामाने हे मला सांगितलं तेव्हा मी त्याची समजूत घालायला गेलो. म्हटलं, "मामा, उन्हाचा त्रास झाला असेल तुम्हा दोघांना. आणि समजा खरं असलं, तर उलट सुटले ते. मोकळे झाले."

तो हसला नाही. खिडकीबाहेरही बघितलं नाही.

"चेन त्यांच्या हातात होती तोवर कळत तरी होतं रे," तो म्हणाला. "आता भरतायत की परत वाळत चाललेत, कळायला मार्ग नाही."