बोगद्यातली पांढरी रेघ

“पुन्हा पडला!” आयुष ओरडला.

बोगद्यात कलंडलेला छोट्या आगगाडीचा निळा डबा मैत्रीने हळूच बाहेर काढला. दारांच्या कड्या टाचण्यांच्या, पायऱ्या पत्र्याच्या आणि खिडकीत दोन वेण्यांची इवलीशी मुलगी. ती मुलगी म्हणजे मैत्रीच. हा डबा तिच्या बाबांनी, अभय यांनी, घडवला होता. गेल्या वर्षी ते वारले.

शनिवार पेठेतल्या छोट्या रेल्वेच्या मंडळाचे उन्हाळी प्रदर्शन उद्यावर आले होते.

“अभयचा डबा कपाटातच राहील,” मंडळाचे प्रमुख रंगराव म्हणाले. “अभय गेल्यावर धावायला तो तयार नाही, असंच समजू.”

“काका, डब्याला मत नसतं!”

“असं? मग आम्ही चहा घेऊन येईपर्यंत त्यालाच विचारा, का पडतो ते.”

मोठी माणसे गेली. मैत्रीने डोळे पुसले.

“चल, विचारू.”

“चाकं वाकडी असतील,” आयुष म्हणाला.

“मग मोकळ्या रुळावरही पडला असता.”

“रूळ वाकडा?”

“मग बाकीचे डबेही पडले असते.”

“मग उरलं काय?”

मैत्रीने डोंगराकडे बोट दाखवले. तो बोरघाटाचा देखावा होता. प्लास्टरचे कडे, त्यावर मंडईतल्या आंब्याच्या पेट्यांतले गवत हिरवे रंगवून चिकटवलेले. मंडळाने तो अभय यांच्या स्मरणार्थच उभारला होता.

तिने डब्याच्या दोन्ही बाजूंना खडू फासला.

“इंजिन नको. हाताने ढकलू. अडला की थांबायचं, पडू द्यायचा नाही.”

बोगद्यातल्या वळणावर डबा अडला. तो मागे घेतला, तेव्हा एका बाजूचा खडू पुसला गेला होता, तोही फक्त मधोमध. आयुषने टॉर्च आत धरला. वळणाच्या आतल्या भिंतीवर पांढरी रेघ उमटली होती!

“टोकं नाहीत, पोट घासतंय!”

“लांब डब्याचं पोट वळणावर आत सरकतं,” मैत्री सावकाश म्हणाली. “आखूड डब्याचं फारसं नाही.”

रंगराव परतले.

“उत्तर मिळालं, काका!” आयुषने टॉर्च त्यांच्या हाती दिला.

त्यांनी वाकून बराच वेळ पाहिले.

“बोगदा कोणत्या डब्याने मापला होता?” मैत्रीने विचारले.

“मालगाडीच्या. आखूड.” रंगरावांचा आवाज उतरला. “इतका लांब डबा हा एकच. पण अभय गेल्यावर आम्ही या डब्याला हार घातला होता, पोरी. मापासाठी तो कपाटातून काढायचा धीर झाला नाही.”

रंगरावांनी कानस आणली आणि रेघेवरचे प्लास्टर स्वतः घासून काढले.

“अभयने पहिल्याच दिवशी डबा आत ढकलून पाहिला असता,” ते म्हणाले. “तुम्ही त्याच्यासारखंच केलंत. शाबास!”

कपाटात राहिलेला डब्याचा हार त्यांनी काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी, भरल्या दालनात, गाडी बोगद्यात शिरली. पलीकडच्या तोंडातून इंजिन बाहेर आले, आणि त्यामागोमाग, निळ्या डब्याच्या खिडकीत बसून, दोन वेण्यांची मुलगी.