बेचव पाणी

वहिनींनी तीनदा बसा म्हणून सांगितलं, तरी त्या बाई उभ्याच राहिल्या. खिडकीपर्यंत जायच्या, परत यायच्या, गाडीची किल्ली या बोटातून त्या बोटात फिरवायच्या.

"पाच वाजता हॉस्पिटलचा इंजिनिअर येतोय," त्या म्हणाल्या. "त्याच्या आत पोलिसांत तक्रार द्यायची की नाही ते मला ठरवायचंय. तक्रार माझ्या सख्ख्या भावावर आहे."

भावजींनी चहाचा कप खाली ठेवला. ते वहिनींचे धाकटे दीर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींची गाडी चालवत आणि, त्यांच्या स्वतःच्या मते, तपासाला हातभार लावत. वहिनी पूर्वी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत केमिस्ट होत्या. विहिरीत काय मिसळलंय ते शोधता शोधता कुणी मिसळलं तेही शोधायची सवय लागली, आणि पुढे तोच धंदा झाला.

"मोडलंय काय?" वहिनींनी विचारलं.

"आमचा स्टॅक. आम्ही हायड्रोजनचे फ्युएल सेल बनवतो. एका बाजूनं हायड्रोजन, दुसऱ्या बाजूनं हवा, मधे पातळ पडदा. त्यातून वीज निघते आणि पाणी. असे चाळीस सेल एकावर एक रचून आवळले की झाला स्टॅक. हा नवजात बाळांच्या वॉर्डासाठी होता. वीज गेली तरी बाळांच्या पेट्या गरम राहाव्यात म्हणून." त्या पुन्हा खिडकीपर्यंत जाऊन आल्या. "आज सकाळी बघते तर एका बाजूचे नट कुणीतरी जीव खाऊन आवळलेले. सेलच्या प्लेटा तडकल्यात."

"आणि संशय भावावर, कारण?"

"तोच रचतो, तोच आवळतो. काल संध्याकाळी सगळ्यांदेखत माझ्याशी भांडला. आणखी महिनाभर चाचणी झाल्याशिवाय हा स्टॅक दवाखान्यात जाऊ देणार नाही म्हणाला. मी काय समजायचं?"

"चला," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या चपला आधीच पायात होत्या.

वर्कशॉप म्हणजे एक लांबट शेड. तिथे त्या बाईंना सगळे ताई म्हणत. शेवटच्या खोलीत चाचणीचं टेबल, आणि त्यावर तो स्टॅक, लंगड्या खुर्चीसारखा एका अंगाला कललेला. कुठलातरी पंप थांबून थांबून गुरगुरत होता. खिडकीत एक स्पायडर प्लांट लोंबत होता.

भावजींना तहान लागली होती. त्यांना ती नेहमीच लागे. ताईंनी कोपऱ्यातल्या कॅनमधून ग्लास भरून दिला.

"पाहुण्याला स्टॅकचं पाणी द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. काल दुपारी भरलेलं आहे, शेवटचंच म्हणायचं."

भावजी गटागट प्यायले. "याला चवच नाही हो."

"शुद्ध आहे म्हणून. पाहुणा नसला की सगळं त्या झाडाला. पहिल्या दिवसापासून ते याच पाण्यावर आहे."

वहिनी झाडाशी गेल्या. पानांची टोकं तपकिरी पडली होती, कागदाची कड विस्तवावर धरल्यासारखी.

"उन्हानं झालं असेल," भावजी म्हणाले.

"उत्तरेची खिडकी आहे, भावजी."

ताईंच्या केबिनमध्ये तसंच एक लहान रोप टेबलावर होतं, हिरवंगार. "याच झाडाचं पिल्लू," त्या म्हणाल्या. "याला मी नळाचं घालते. इथपर्यंत कॅन कोण आणणार?" बोलता बोलता त्यांनी कपाट उघडून एक लांब दांड्याचा पाना दाखवला. "हा त्याचा टॉर्क पाना, नट किती जोरानं आवळला ते मोजणारा. सकाळीच काढून घेतला."

भाऊ मागच्या कोठीत उलट्या खोक्यावर बसला होता. सगळे त्याला धाकटा म्हणत. हातांना काम नसल्यामुळे तो एक वॉशर टेबलावर फिरवत होता.

"तू केलंस?" वहिनींनी सरळ विचारलं.

"मी असं करीन? आवळताना समोरासमोरचे नट घ्यायचे, थोडे थोडे, पाना टक् वाजेपर्यंत. हे तर कुणी बैल झाल्यासारखं आवळलंय." त्यानं वॉशर थांबवला. "मला मोडायचाच असता ना, तर रचतानाच गॅस अडवणारी एक गॅस्केट केसभर सरकवली असती. कुणाच्या बापाला कळलं नसतं."

"मग महिनाभर थांबायचं का म्हणालास?"

"आकडे जरा जास्तच गोड होते. तीन आठवडे चाळीस सेल चालले आणि एकही कुरकुरला नाही? चाळीस माणसांचं एकत्र कुटुंब असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता?"

भावजी हसले, मग गुन्हेगारासमोर हसलो हे आठवून गंभीर झाले.

वहिनींनी शेल्फवरून कागदाहून पातळ, पारदर्शक चकती उचलली. "हाच तो पडदा?"

"हो. तव्याला अन्न चिकटू नये म्हणून लेप असतो ना, त्याचा चुलतभाऊ समजा. ओला असला की लाख मोलाचा. कोरडा पडून तापला की संपला."

वहिनींनी चकती प्रकाशाकडे धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

चाचणीप्रमुखांना सगळे सर म्हणत. ताईंनी धंदा सुरू केला तेव्हापासूनचा माणूस, शर्टाची घडी मोडलेली नाही. त्यांनी स्क्रीनवर आलेख दाखवला.

"तीन आठवडे, दिवसरात्र, पूर्ण लोडवर. रेषा बघा, इस्त्री केल्यासारखी."

"काल रात्रीही चालू होता?"

"मी निघालो तेव्हा व्यवस्थित चालू होता. रोज रात्री असतोच." सरांनी आवाज खाली आणला. "पोरगं गुणी आहे हो, पण डोकं गरम. ताईंनी मन घट्ट करावं. घरातला म्हणून पोटात घालणं बरं नाही."

बाहेर वॉचमन खुर्ची उन्हात ओढत होता. रात्री कुणाला पाहिलं का, यावर तो म्हणाला, "मागच्या दाराच्या किल्ल्या ताई, धाकटा आणि सर तिघांकडे. मागचं मला इथून दिसत नाही. आणि थंडी अशी, की मी हलतोय कशाला?"

भिंतीतून एक जाड नळी बाहेर आली होती. वहिनींनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"तिच्यातून ती यंत्राची वाफ येते," वॉचमन म्हणाला. "आधी बरं होतं, रात्री फेरी मारली की हात शेकून घ्यायचो. आता आठवडाभर रात्री नुसती थंडगार. ताईंना सांगा, नवं यंत्र येईपर्यंत मला शेगडी तरी द्या."

गाडीत भावजी म्हणाले, "उघड आहे. धाकटाच. भांडण त्यानं केलं, पाना त्याचा, आणि बोलतोही फार."

"उघड आहे हे खरं," वहिनी म्हणाल्या. "तेच खटकतंय. माझी जुनी पेटी घरी आहे. गाडी काढा."

साडेचारला सगळे चाचणीच्या खोलीत जमले. ताई दारापाशी उभ्या, पर्समध्ये टाइप केलेली तक्रार, सही बाकी. धाकटा खिडकीपाशी. सर हात बांधून. वहिनींनी दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात कॅनमधलं. दोन्हींत एकेक गुलाबी पट्टी बुडवली.

"या पट्ट्यांनी मी विहिरी तपासायचे," त्या म्हणाल्या. "पाण्यात फ्लोराइड असलं की गुलाबी रंग पिवळा होतो."

नळाच्या पाण्यातली पट्टी गुलाबीच राहिली. दुसरी पिवळी पडली.

"धाकट्या, पडदा तव्याच्या लेपाचा चुलतभाऊ म्हणालास. दोघांतही फ्लोरिन असतं. पडदा झिजला की ते सुटतं आणि पाण्यातून बाहेर पडतं. हे पाणी काल दुपारी भरलंय, नट आवळायच्या आधी. म्हणजे कुणी हात लावण्यापूर्वीच हा स्टॅक मरत होता."

"काहीतरी कालच बिघडलं असेल," सर म्हणाले.

"झाडाला विचारू. या झाडाला फ्लोराइड सोसत नाही, आधी टोकं करपतात. पण एका दिवसात नाही, आठवडे लागतात. नळाचं पाणी पिणारं त्याचंच पिल्लू बघा, ठणठणीत."

"अहो, मी प्यायलो ते पाणी," भावजी उठून उभे राहिले.

"एका ग्लासानं काही होत नाही, भावजी. बसा." वहिनी स्वतः मात्र येरझारा घालत होत्या. "तर स्टॅक कित्येक दिवस झिजतोय आणि आलेख इस्त्री केल्यासारखा. दोन्ही खरं असू शकत नाही. मग वॉचमन म्हणतो, आठवडाभर रात्री वाफेची नळी थंड असते. सर, तुम्ही म्हणता स्टॅक रोज रात्री पूर्ण लोडवर चालतो. इतकी वीज बनते आणि नळी थंड?"

सरांनी बांधलेले हात सोडले.

"पडदा झिजत गेला की शेवटी त्यातून हायड्रोजन हवेत शिरतो, पेटही घेऊ शकतो. तसा स्टॅक रात्री एकटा सोडायची तुमची हिंमत नव्हती, म्हणून तुम्ही तो बंद करून जायचात आणि दिवसाचे काय, रात्रीचे काय, आकडे सुरुवातीच्या चांगल्या दिवसांतून उचलायचात. मोडतोड पाहिली तेव्हाच मला वाटलं, करणाऱ्याला ती लपवायची नव्हती, दाखवायची होती. गॅस्केट सरकवून गुपचूप मारता येत असताना धाकटा ढोल का वाजवेल? तडकलेल्या प्लेटा दिसल्या की झिजलेल्या पडद्यांकडे कोण बघणार? आणि भांडण काल आयतंच मिळालं."

पंप गुरगुरला आणि थांबला.

"पाणी संपलं होतं," सर म्हणाले. "आत जाणारी हवा दमट करायचं जे भांडं आहे, त्याचा अलार्म उगाच वाजायचा. मी तो बंद केला आणि पहिल्याच आठवड्यात जोडून सुट्टी आली. परत आलो तर पडदे दोन दिवस कोरडे तापत राहिलेले." त्यांनी ताईंकडे पाहिलं नाही. "पोरांना आयुष्यभर सांगत आलो, आकडा खोटं बोलत नाही. कोणत्या तोंडानं सांगू? पण बाळांकडे मी तो जाऊ दिला नाही. एवढं तरी धरा."

"धरलं," वहिनी म्हणाल्या. "पण एका वाक्यात थांबवता आलं असतं. तुम्ही त्यासाठी एक माणूस वापरलात."

सरांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि ते खोलीबाहेर गेले. कुणी अडवलं नाही.

ताईंनी तक्रारीचा कागद पर्समधून काढला, दोनदा फाडला, तुकडे कुठे टाकायचे ते न सुचून हातातच धरून उभ्या राहिल्या. मग केबिनमध्ये जाऊन टॉर्क पाना घेऊन आल्या आणि भावासमोर धरला.

त्यानं घेतला नाही.

"नवा स्टॅक किती दिवसांत होईल?" त्यांनी विचारलं.

"महिना. तोही सगळी चाचणी धरून." त्याची नजर पान्यावर होती. "कालच सांगितलं होतं."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. हॉस्पिटलचा इंजिनिअर वेळेच्या आधीच पोचला होता.

"मी तुझ्यावर..." ताई म्हणाल्या.

"आधी त्यांना खरं सांगून ये. त्यांना महिनाभराची दुसरी सोय करावी लागेल." धाकट्यानं पाना त्यांच्या हातातून काढून घेतला, आकडा तपासला आणि आपल्या जागी टांगला. "आपलं घरी बोलू."

ताई दाराकडे गेल्या. त्यांच्या हातातली किल्ली सकाळपासून पहिल्यांदा स्थिर होती.

धाकट्यानं कोपऱ्यातला कॅन उचलला, मोरीत पालथा केला, विसळला आणि नळाखाली धरून भरला. मग तो झाडाकडे वळला.