लग्न झाल्यापासून

दिवा राहू दे, पोरांनो, मालवू नका. ही माझ्या साडूवर बेतलेली गोष्ट. त्याने ती मला एकदाच सांगितली.

साडू माजी सैनिकांच्या पेन्शन कचेरीत कारकून. नियमाला विचारल्याशिवाय शिंकणार नाही असा माणूस. सैनिकाच्या विधवेने पुन्हा लग्न केलं की तिची पेन्शन बंद, म्हणून अधूनमधून घरी जाऊन बघून यावं लागायचं. तसाच एका बाईंकडे निघाला. नोव्हेंबरची सतरा तारीख, सोमवार. बस उशिरा आली, पोचेपर्यंत साडेसात झाले.

दार उघडंच होतं. आत एक माणूस बसलेला, पाठ ताठ. बाई शिवणाच्या कारखान्यातून अजून यायच्या आहेत म्हणाला. साडूने विचारलं, आपण कोण?

"घरचाच."

"इथे कधीपासून राहता?"

"लग्न झाल्यापासून."

साडूने तेच शब्द कागदावर उतरवले. परतीची शेवटची बस गाठायची होती, बाईंसाठी थांबला नाही.

महिन्याभरात पेन्शन बंद. बाईंनी कचेरीत खेटे घातले. मी एकटीच राहते हो, शेजारी विचारा, म्हणायच्या. साडू अहवालावर बोट ठेवायचा. त्याने डोळ्यांनी पाहिलेलं, त्यावर कोण काय बोलणार?

फेब्रुवारीत ती फाइल कायमची बंद करायला घेतली. पानं लावताना तळाशी नवरा-बायकोचा फोटो निघाला.

तोच माणूस. मृत्यूचा दाखला सहा वर्षांपूर्वीचा.

त्याच रात्री साडू त्यांच्या घरी गेला. नऊ तारीख. पावणेनऊ वाजलेले. चाचरत, अडखळत सगळं सांगितलं. वाटलं, बाई आता शिव्या घालतील.

त्यांनी दाराकडे पाहिलं.

मग म्हणाल्या, "मी तर कुलूप लावून जाते..."

हातातली किल्ली फिरवत राहिल्या.

"मला एकदाही दिसले नाहीत हो." आवाज अगदी खाली गेला. "तब्येत कशी वाटली?"

बरे होते, एवढंच म्हणाला.

पुढे त्याने साहेबांना लिहूनही दिलं, माझी चूक झाली, घरात कोणी नव्हतं म्हणून. साहेबांनी विचारलं, मग हा जबाब दिला कोणी? पेन्शन काही सुरू झाली नाही. बाई गेल्या तोवर कारखान्यातच शिवत होत्या.

पण त्या रात्रीचं राहिलंच.

साडू निघायला उठला. बाई आतच बसून होत्या. गल्लीत चिटपाखरू नाही. येताना मैलभर धुळीतून चालत आला होता, बूट उंबऱ्याबाहेर कसेतरी काढून टाकलेले.

आता ते भिंतीशी होते. टाचेला टाच लावून... सरळ रेषेत.

वाकून बघितलं. दारावरचा दिवा बुटांत दिसत होता.

बोट लावलं.

पॉलिश अजून ओलं होतं.